कुटुंबासाठीचं बेघर निवारा केंद्र, पुणे: जानेवारीपासूनचा अनुभव, ५ पैकी साडेतीन स्टार

आधीच सांगते, केंद्राचं नाव आणि पत्ता मुद्दाम लिहीत नाहीये. तिथं दोन-तीन बायका नवऱ्याच्या मारामुळे लेकरं घेऊन निघून आलेल्या आहेत, त्या कुठं राहतात हे कुणाला कळता कामा नये. ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी जवळच्या क्षेत्रीय कार्यालयात, म्हणजे आपण वॉर्ड ऑफिस म्हणतो तिथं, समाज विकास विभागात जाऊन "कुटुंबासाठी बेघर निवारा" असंच विचारा. नुसतं शेल्टर विचारलं तर पुरुषांच्या शेल्टरचा पत्ता हातात देतात, आमचं तेच झालं, पुढे लिहिते.

माझं सिंहगड रोडला पोळीभाजी केंद्र आहे. पहाटे साडेपाचला शटर वर करते. २०२४ ची दिवाळी झाली आणि शेजारच्या बंद गाळ्याच्या पायरीवर एक कुटुंब झोपायला लागलं, नवरा बायको आणि तीन लेकरं. थोरला तेरा वर्षांचा, मधली मुलगी आठची, धाकटी तीनची. जिंतूरकडचे, परभणी जिल्हा. नवरा बिगारी काम करायचा, पावसाळ्यात परांचीवरून पडला आणि पायात रॉड घातला. काम बंद म्हणजे पगार बंद, वस्तीतल्या पत्र्याच्या खोलीचं भाडं तीन महिने थकलं आणि मालकाने सामान बाहेर ठेवलं, डिपॉझिट भाड्यात वळतं केलं. त्या सामानात एक पत्र्याची पेटी होती, ती रात्रीतून कुणीतरी नेली, आधार कार्डं आणि पोराचा शाळेचा दाखला सगळं त्यात. हे मी इतकं सविस्तर सांगतेय कारण लोकांना वाटतं बेघर म्हणजे दारुडा नाहीतर भिकारी. ही माणसं ऑगस्टपर्यंत भाडं भरत होती हो.

मी सकाळी चहा द्यायचे, उरलेल्या पोळ्या द्यायचे, आणि मला वाटायचं आपण करतोय ना काहीतरी. मग डिसेंबरात वाघोलीला केसनंद फाट्यावर ते झालं. अमरावतीकडून कामाला आलेली कुटुंबं त्याच रात्री पोचून फुटपाथवर झोपली होती, मध्यरात्री डंपर अंगावर गेला, तिघं गेले, त्यातली दोन तर एक-दोन वर्षांची लेकरं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी शटर वर केलं तर ही धाकटी पायरीच्या कडेला, रस्त्याच्या बाजूला झोपलेली, एक पाय खाली लोंबतोय. माझ्या हातातली कणकेची परात मी तशीच खाली ठेवली आणि आधी तिला उचलून आतल्या बाजूला सरकवलं. त्या दिवशी ठरवलं की आता पोळ्या देऊन भागायचं नाही.

पहिल्यांदा गेलो ते पुरुषांच्या शेल्टरला, कारण पत्ताच तो मिळाला. तिथला माणूस चांगला होता पण म्हणाला नवरा आणि मोठा पोरगा इथं, बाई आणि मुली बायकांच्या शेल्टरला, ते शहराच्या दुसऱ्या टोकाला. ती बाई एवढंच म्हणाली, "ताई, एक भाकर मोडून चार जागी ठिवायची व्हय? त्यापक्षी पायरीच बरी." आणि खरंच परत पायरीवर आले सगळे. मला त्या वेळी राग आला होता तिचा, एवढी धावपळ केली आणि ही नाही म्हणते. नंतर विचार केला, माझा नवरा असा पायाने अधू असता आणि मला कुणी म्हटलं असतं की तुम्ही वेगळे राहा, तर मी तरी गेले असते का.

तर ह्या केंद्राला मी जे स्टार देतेय त्यातले दोन सरळ एकाच गोष्टीसाठी आहेत, इथं कुटुंब तोडत नाहीत. नवरा, बायको, मोठा मुलगा, सासू असेल तर सासू, सगळे एका पडद्याच्या आत.

आता जागा कशी आहे ते सांगते. महापालिकेची जुनी इमारत आहे, चालवते एक संस्था. वरच्या मजल्यावर मोठा हॉल, त्यात लोखंडी पाइप आणि जाड कापडाचे पडदे लावून भाग केलेत, एकेका कुटुंबाला एक भाग. मी पावलांनी मोजलं, साधारण दहा बाय आठ. केंद्र सरकारच्या शहरी बेघर निवारा योजनेत माणशी ५० चौरस फूट धरलेत, त्या हिशोबाने पाच जणांना २५० पाहिजे, इथं ८० मिळतात. दोन गाद्या अंथरल्या की पाय ठेवायला जागा राहते तेवढीच. पडद्यातून शेजारच्या बाळाचं रडणं, खोकला, भांडण सगळं ऐकू येतं. नवीन लग्न झालेल्या जोडप्यांचे काय हाल होत असतील ते मी लिहीत नाही, समजून घ्या. पण वरून गळत नाही, खालून ओल येत नाही, रात्री कुणी काठी आपटून उठवत नाही. पायरीवर झोपलेल्या माणसाला विचारा ह्याची किंमत.

लॉकर आहेत. छोटे, ऑफिसात असतात तसे हिरवे, प्रत्येक कुटुंबाला एक. थोरल्या पोराने पहिल्या दिवशी काय केलं, माझ्याकडून घेतलेली एक वही आणि एक पेन, बास एवढंच, ते आत ठेवलं, कुलूप लावलं, ओढून बघितलं, चार पावलं गेला, परत आला, परत ओढून बघितलं. चावी त्याने काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली आणि सात महिने ती गळ्यातच होती, अंघोळीला सुद्धा काढत नसे. पेटी गेली तेव्हा त्याचाच दाखला गेला होता ना.

किचनबद्दल मला जास्त बोलायचंय कारण माझं कामच ते. संस्था संध्याकाळी जेवण देते, जास्त करून खिचडी, आठवड्यातून दोनदा पोळी-भाजी. खिचडीला तांदूळ बरा असतो, डाळ कमी असते, तेल ठीक. मी चव घेऊन बघितलीये तीन-चारदा, खाण्यासारखी आहे. पोळ्या मात्र बाहेरून येतात आणि येईपर्यंत वातड होतात, लहान लेकरांना तुटत नाहीत. ह्याच्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे मागे एक ओटा आहे, त्यावर दोन शेगड्या, आणि तिथं बायकांना स्वतःचं करून खाता येतं, पाळी लावून. सिलेंडरचे पैसे आठवड्याला थोडे थोडे गोळा करतात. मला आठवतं, तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी गेले तर ही बाई ओट्यासमोर खाली बसून बाजरीचं पीठ मळत होती. दोन-अडीच महिन्यांनी तिने भाकरी थापली होती त्या दिवशी. थापताना हात अडखळला पहिल्या भाकरीला, कडेला चिरली, मग दुसरी अशी गोल आणि पातळ उतरली की मी रोज पाचशे पोळ्या लाटणारी बाई बघत राहिले. मधलीने पहिली चिरलेली भाकरी उचलून पळ काढला. माणसाला आयतं ताट मिळणं वेगळं आणि आपल्या हातचं आपल्या लेकरांना घालणं वेगळं, ज्या कुणाला ह्या ओट्याची कल्पना सुचली त्याचे आभार मानायला पाहिजेत. दुधाची सोय नाही. तीन-चार वर्षांच्या आतली इतकी लेकरं असताना रोज पावशेर दूध तरी हवं, हे मी दोनदा वहीत लिहून आले. दुपारचं जेवण केंद्रात नाही, त्यामुळे नवरा जवळच्या शिवभोजनला जायचा, दहा रुपयांत थाळी, पण तिथं ठरावीक थाळ्या असतात, उशीर झाला की संपतात.

संडास-बाथरूम. बायकांसाठी दोन संडास आणि एक बाथरूम, वापरणाऱ्या बायका-मुली वीसच्या वर. स्वच्छता दिवसातून एकदा होते, ती बरी होते. पण बायकांच्या बाथरूमची आतली कडी तुटलेली आहे, जानेवारीत होती तशीच आहे. मधली मुलगी अंघोळीला जाते तेव्हा आई बाहेर पाठ लावून उभी राहते. एक कडी कितीला येते? मी स्वतः आणून देते म्हटलं तर सांगितलं की इमारत महापालिकेची आहे, अर्ज करावा लागतो. अर्ज केलाय म्हणे. ह्याला मी अर्धा स्टार कापलाय.

उरलेला एक पूर्ण स्टार कापलाय तो दुपारच्या दारासाठी. सकाळी नऊला सगळ्यांना बाहेर काढतात आणि संध्याकाळी सहाला परत आत घेतात. कारण सांगतात साफसफाई आणि दिवसा माणसांनी कामाला जावं म्हणून. जो धडधाकट आहे त्याचं ठीक आहे. पायात रॉड असलेला माणूस आणि तीन वर्षांची पोरगी नऊ तास कुठं बसणार? एप्रिल-मेच्या उन्हात ती दोघं माझ्या दुकानामागच्या पॅसेजमध्ये पोत्यावर बसून असायची. बाई धुणीभांडी करायची तीन घरची, तिला काम सोडून येता येत नव्हतं. मी चौकशी केली तर कळलं की नियम तसा नाहीच आहे. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय की निवारे वर्षभर आणि चोवीस तास चालू पाहिजेत, आणि मोठ्या शहरात एक लाख लोकसंख्येमागे एक पाहिजे. पुढे २०१३ ला शहरी उपजीविका अभियान आलं त्यातल्या निवारा योजनेत लाखामागे किमान १०० जणांची कायमची सोय असं लिहिलंय. २०११ च्या जनगणनेला पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांच्या वर होती, म्हणजे त्याच आकड्यावर सुद्धा ३१०० जणांची जागा होते, आणि शहर तेव्हापासून केवढं वाढलंय ते आपण रोज ट्रॅफिकमध्ये बघतोच.

केअरटेकर काकांना मी हे दाखवलं. ते म्हणाले ताई मला सांगून काय उपयोग, दिवसपाळीला दुसरा माणूस द्या, मी दार उघडतो. रात्रभर तेच जागे असतात, त्यांचंही बरोबर आहे. म्हणजे पैसा माणसाच्या पगाराचा अडलाय. त्या काकांबद्दल एक शब्द वाईट लिहिणार नाही मी. रात्री अकरानंतर दिवे बंद करायचा नियम आहे पण थोरला जिन्यात अभ्यासाला बसायचा म्हणून ते जिन्यातली ट्यूब चालू ठेवायचे.

शाळेचं आता. इथं आठवड्यातून तीन दिवस एक सोशल वर्कर ताई येतात, त्यांच्यामुळेच दोन्ही मुलं महापालिकेच्या शाळेत गेली. शाळेने आधी दाखला मागितला, आधार मागितलं, जन्माचा पुरावा मागितला, आठवडा गेला त्यात. ताईंनी शेवटी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम काढून समोर ठेवलं, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वयाप्रमाणे वर्गात बसवायचं आणि दाखला नंतर मागवायचा. तेव्हा झालं. तुमच्या आसपास कुणाला हा त्रास होत असेल तर हे लक्षात ठेवा. जी लेकरं बांधकामावर राहतात त्यांच्यासाठी पुण्यात डोअर स्टेप स्कूलसारख्या संस्था कितीतरी वर्षं काम करतायत, त्यांची बसमधली शाळा तुम्ही पाहिली असेल. पण शेल्टरमधलं मूल बांधकामावरचंही नाही आणि वस्तीतलंही नाही, ते मधेच राहतं, त्याला कुणीतरी हाताला धरून न्यावं लागतं.

एक भीती मला आधी माहीतच नव्हती. ही बाई पहिल्या दिवशी दारात येऊन थांबली आणि आत पाय टाकेना. का, तर कुणीतरी सांगितलं होतं की आत गेलं की लेकरं काढून घेऊन संस्थेत टाकतात. ही भीती उगाच नाही. बालन्याय कायद्यात घर नसलेलं मूल म्हणजे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल, त्याला बालकल्याण समितीसमोर नेता येतं. आणि १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा अजून आहेच, सिग्नलवर उभी असलेली बाई पोलिसांची गाडी दिसली की लेकरू उचलून पळते ती त्यामुळे. बालन्याय कायद्यातच मूल शक्यतो कुटुंबातच राहावं, संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय असंही आहे, पण ते फुटपाथवरच्या आईला कोण सांगणार? सोशल वर्कर ताईंनी खाली बसून अर्धा तास समजावलं तेव्हा ती आत आली. पारधी कुटुंबं तर अजूनही येत नाहीत फारशी. १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, १९५२ ला तो कायदा गेला तरी चौकशीला पहिली त्यांचीच पालं सापडतात, मग ती माणसं सरकारी दारात कशाला येतील.

मी रविवारी दुपारी मोकळी असते तर हळूहळू केंद्राच्या वहीचं काम माझ्याकडे आलं. नाव, गाव, किती जण, कशामुळे. माझं अक्षर बरं आहे म्हणून. ती वही भरता भरता मला जे दिसलं ते पुण्यातल्या माणसांना कळायला हवं असं वाटतं. दसऱ्यानंतर ते मार्चपर्यंत मराठवाडा, विदर्भ, सोलापूर आणि कर्नाटकातलं कलबुर्गी, विजापूर, ह्या बाजूची कुटुंबं. गावाकडचं काम संपलं, ऊसतोडीला कोयता, म्हणजे जोडीने तोडीचं काम, मिळाला नाही किंवा मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटत नाही म्हणून बांधकामावर आलेली. मजूर अड्ड्यावर उभं राहून काम मिळेपर्यंत जे पाच-पंधरा दिवस जातात ते फुटपाथवर जातात. पूर्वी बाप्या एकटा यायचा आणि बायको-मुलं गावाला असायची असं जुने लोक सांगतात, आता जोडीने येतात कारण एकाच्या मजुरीत भागत नाही, आणि गावाकडे मुलांना बघायला म्हातारी माणसं सुद्धा राहिलेली नाहीत किंवा तीही कामाला जातात. जून लागला की ह्यातली बरीच पेरणीला परत जातात.

आणि मग जून ते सप्टेंबर वहीत वेगळीच नावं येतात. ह्यांना गाव असं उरलेलंच नाही. पुण्यातच जन्मलेले, भाड्याच्या खोलीतून निघालेले, आजारपणात बुडालेले, नवऱ्याने टाकलेल्या, ओढ्याकाठची खोली पाण्यात गेलेले. ही कुटुंबं लवकर जात नाहीत, कारण जायला जागा नाही. गंमत नाही सांगत, गंभीरपणे सांगते, आपण बेघर म्हटलं की त्या पहिल्या प्रकारचेच डोळ्यासमोर आणतो, "हे काय, हंगामी आहेत, जातील परत." दुसऱ्यांचं काय?

जनगणनेचे आकडे काढून बघितले. २०११ ला देशात १७.७३ लाख बेघर माणसं मोजली, ती ४.४९ लाख बेघर कुटुंबांमधली, म्हणजे सरासरी जवळजवळ चार माणसं. चार! हा आकडा एकट्या पुरुषाचा आहे का? हे आई, बाप आणि लेकरं आहेत. २००१ ला एकूण १९.४३ लाख होते, म्हणजे देशात बेघर कमी झाले असं वाटतं, पण कमी झाले ते खेड्यात. शहरातले ७.७८ लाखांवरून ९.३८ लाखांवर गेले. महाराष्ट्रात २.१० लाख, उत्तर प्रदेशनंतर आपलाच नंबर, आणि आपल्याकडच्या निम्म्याहून जास्त शहरात. ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत करतात, म्हणजे कामाच्या हंगामात. माझ्या वहीतली जूनची माणसं आणि फेब्रुवारीची माणसं एक नाहीत हे त्या आकड्यात दिसायचं नाही. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आता २०२७ ला आहे, तीही मार्चच्या पहिल्या तारखेच्या हिशोबाने. तोपर्यंत सगळं नियोजन पंधरा वर्षांमागच्या आकड्यावर.

आणखी एक. दिल्लीत थंडीने माणसं मरतात म्हणून तिथं दर हिवाळ्यात तंबू लागतात, बातम्या येतात, कोर्ट विचारतं. आपल्याकडे थंडी सोसवते म्हणून कुणी विचारत नाही, आणि आपला खरा शत्रू पाऊस. २०२५ ला तर मेमध्येच सुरू झाला. पावसाळ्यासाठी जादा निवारे अशी गोष्ट पुण्यात मी तरी ऐकली नाही. माझा भाचा अमेरिकेत बोस्टनला असतो, त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला तिथंही जागेप्रमाणे फरक आहे. त्यांच्या राज्यात, मॅसॅच्युसेट्समध्ये, १९८३ पासून कायदाच आहे की लेकरं असलेल्या बेघर कुटुंबाला सरकारने निवारा द्यायचा, त्यामुळे तिथं कुटुंबं रस्त्यावर फारशी दिसत नाहीत, छताखाली मोजली जातात. पण मागणी एवढी वाढली की २०२३ ला त्यांनाही ७५०० कुटुंबांवर मर्यादा घालावी लागली. आणि २०२४ च्या जानेवारीत अख्ख्या अमेरिकेत मुलाबाळांसकट बेघर असलेली माणसं आदल्या वर्षापेक्षा ३९ टक्क्यांनी जास्त भरली. भाडं परवडत नाही हे तिथलं पहिलं कारण. पत्र्याच्या खोलीचं भाडं थकलेली जिंतूरची बाई आणि तिकडची बाई, दोघींची गोष्ट एकाच जागी सुरू होते. मला ह्यातून एवढंच कळलं की जिथं कुटुंबासाठी दार असतं तिथं कुटुंबं दिसतात, वहीत येतात, नाहीतर ती पायरीवर असतात आणि आपण म्हणतो इथं कुटुंबं येतच नाहीत, पुरुषच येतात.

मुदतीबद्दल. तीन महिने राहू देतात, मग अर्ज केला की वाढवतात. ह्या कुटुंबाला सात महिने मिळाले आणि त्या सात महिन्यांत काय झालं ते ऐका. रॉडचा पाय भरला, त्याला एका सोसायटीत वॉचमनचं काम लागलं. बँकेत खातं उघडलं गेलं, आधार नवीन निघालं कारण पत्ता म्हणून केंद्राचं पत्र चाललं. धाकटीचं लसीकरण पूर्ण झालं, अंगणवाडीत नाव लागलं. बाईने डिपॉझिटचे पंधरा हजार साठवले, माझ्याकडे ठेवायची, मी डब्यात चिठ्ठी लावून ठेवायचे. ऑगस्टमध्ये हडपसरच्या बाजूला खोली घेतली. पायरीवर राहून हे पंधरा हजार साठले नसते, साठवायचे कुठे, उशाखाली? जायच्या दिवशी थोरल्याने गळ्यातली चावी काढून काकांच्या टेबलावर ठेवली आणि वहीत सही केली, स्वतःची, मराठीत, जोडाक्षरासकट.

आता सगळं सुरळीत झालं असं कुणाला वाटेल म्हणून हे शेवटचं. सप्टेंबरात मराठवाड्यात पूर आला, तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. जिंतूरला त्या बाईच्या दिराच्या रानातली माती सोयाबीनसकट वाहून गेली. दसऱ्यानंतर तो बायको आणि दोन लेकरं घेऊन पुण्यात आला. मला वाटलं आता मला सगळं माहीत आहे, एका दिवसात जागा मिळवून देते. गेले तर काका म्हणाले, ताई, तुम्हीच वही बघा. वहीत त्या पंधरवड्यात परभणी, बीड, धाराशिव, सोलापूर, ओळीने. एकही पडदा रिकामा नाही. नाव वेटिंगला लावलं. सध्या ते चौघं भावाच्या खोलीत आहेत, म्हणजे नऊ माणसं एका पत्र्याच्या खोलीत, आणि मालकाने आत्ताच विचारलंय की हे कोण आणि किती दिवस. तीच गोष्ट परत सुरू व्हायच्या आधी जागा मिळाली पाहिजे.

कुणाला घेऊन जाणार असाल तर: संध्याकाळी सहा ते आठमध्ये जा, तेव्हा ताई किंवा काका दोघांपैकी एक नक्की असतात. कागद नसले तरी जा, फोटो काढून घेतात आणि आत घेतात, कागदांचं मागाहून बघतात. बाई घाबरलेली असेल तर तिला आधी खालीच बसवा, वर चढायची घाई करू नका. जागा नाही म्हटलं तर वहीत नाव लिहून घ्यायला लावा, नुसतं तोंडी "पुढच्या आठवड्यात या" ऐकून परत येऊ नका, नाव लिहिलं नाही तर तुम्ही आलाच नव्हता असं होतं. लेकरू एकटं सापडलं तर १०९८. आणि मच्छर खूप आहेत, जुनी मच्छरदाणी घरात पडून असेल तर द्या, कपड्यांपेक्षा तिची गरज जास्त आहे.

अपडेट: बायकांच्या बाथरूमला कडी बसली. अर्धा स्टार परत दिला, आता चार झाले. दुपारचं दार अजून बंदच आहे. सहा वर्षांच्या आतली मुलं असलेल्या आयांना तरी दिवसा आत बसू द्या असा अर्ज आम्ही अकरा बायकांनी सह्या करून दिलाय, पोच घेतलीये. दिराचं नाव वेटिंगवर चौथं आहे. सोमवारी दुकान लवकर बंद करून परत जाणार आहे.